अम्मीला कोणी विचारलं?

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आरोग्यावर बोला, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं, दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. मग वाटलं, सगळ्या आरोग्यावर नको, एकाच तपासणीवर बोलावं. ती आमच्या घरात झाली आणि तिच्या निमित्ताने माझी एक चूक मला कळली. ही तपासणी म्हणजे एंडोस्कोपी. आपल्याकडे लोक म्हणतात, 'पोटात दुर्बीण घातली.'

कोणतं औषध घ्यायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. पेशंट म्हणून, किंवा पेशंटला घेऊन जाणारा मुलगा-मुलगी म्हणून काय माहीत असावं, तेवढंच मी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजानमध्ये अम्मी थकल्यासारखी दिसायची. आम्हाला वाटलं, वय झालं, त्यात रोजे. ईदनंतर जिना चढताना तिला धाप लागायला लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. घरच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि पोटाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

आम्ही गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतो?" अम्मीने तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "अ‍ॅसिडिटी आहे, वीकनेस आहे." "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" मी म्हणालो, "बीपीची एक आणि लोहाची." "शौचाला काळं होतं का?" मी म्हणालो, "लोहाच्या गोळ्यांमुळे होत असेल." लोहाने शौचाचा रंग काळा होतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. अम्मी माझ्या शेजारच्याच खुर्चीत होती. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टर घाईत होते, मीही घाईत होतो. साडेअकराला माझा ऑफिसचा कॉल होता.

एंडोस्कोपी ठरली, मंगळवारी सकाळी साडेनऊला. फोनवर रिसेप्शनच्या बाईंनी मला सांगितलं, रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही. मी अम्मीला माझ्या भाषेत सांगितलं, "रोज्यासारखं उपाशी राहायचं."

मंगळवारी दवाखान्यात पाच पानांचं संमतीपत्र आलं, इंग्रजीत. मी शेवटचं पान उघडलं आणि सही केली. सिस्टरने विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" मी म्हणालो, "नाही." मागून अम्मीचा आवाज आला, "सेहरी की ना."

तुम्ही हसताय. तिथेही सगळे हसले. पण अम्मीचं काहीच चुकलं नव्हतं. रोज्यासारखं उपाशी राहायचं म्हटल्यावर ती पहाटे साडेचारला उठली, रात्रीचा खिमा-चपाती खाल्ली, चहा प्यायली आणि नियत केली. शव्वालचे सहा रोजे ती दरवर्षी ठेवते. हा तिला सातवा वाटला असेल. आमच्या धंद्यात हे रोज होतं. सांगणाऱ्याच्या मनात एक असतं, ऐकणारा दुसरं ऐकतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. इथे कोसळणार होती ती माझी आई. पोटात अन्न असताना गुंगीचं इंजेक्शन दिलं, तर ते अन्न वर येऊन श्वासनलिकेत, फुप्फुसात जाऊ शकतं. ती गप्प बसली असती तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही.

तपासणी दोन दिवस पुढे गेली. परत येताना मी जरा चिडूनच म्हणालो, "अम्मी, आधी सांगायचं ना!" ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मेरेकू पुछ्या कोन?"

त्या रात्री माझी बहीण तिच्याजवळ बसली आणि तिने एकेक गोष्ट विचारली. अम्मी गुडघेदुखीसाठी पाच महिने रोज दोन गोळ्या खात होती. शेजारच्या खालांना त्या गोळ्यांनी बरं वाटलं होतं, म्हणून मेडिकलमधून आणलेल्या. डायक्लोफेनॅक. रमजानमध्ये एक सेहरीला, एक इफ्तारला. आणि शौचाला काळं होत होतं ते रमजानपासून. लोहाची पहिली गोळी तिने घेतली ती ईदनंतर. म्हणजे डॉक्टरांना मी दिलेलं उत्तर साफ खोटं होतं, आणि मी ते मोठ्या आत्मविश्वासाने दिलं होतं. तो काळेपणा पोटातल्या रक्ताचा होता.

बहिणीने हे सगळं एका कागदावर लिहिलं आणि त्याच रात्री डॉक्टरांना फोन करून सांगितलं. वेदनाशामक गोळी त्या क्षणापासून बंद झाली. चक्कर आली किंवा रक्ताची उलटी झाली तर वाट न बघता थेट दवाखान्यात यायला सांगितलं. गुरुवारी तपासणी झाली. जठरात दोन अल्सर निघाले. तुकडा तपासला तेव्हा एच. पायलोरी हा जंतूही सापडला.

आता ही तपासणी काय असते ते सांगतो. एक लवचीक नळी असते, करंगळीपेक्षा बारीक. तिच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा. ती तोंडातून अन्ननलिकेत, तिथून जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत जाते. नळीत एक पोकळ वाट असते, तिच्यातून बारीक चिमटा घालून तुकडा काढता येतो, रक्तस्राव होत असेल तर तो थांबवण्याचे उपायही करता येतात. नुसती तपासणी साधारण पाच ते पंधरा मिनिटांत होते.

भीती वाटणं साहजिक आहे. पण ज्यांनी ही विद्या घडवली, त्यांच्यातले काही आधी स्वतः पेशंट झाले. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल या डॉक्टरांनी जिवंत माणसाच्या जठरात पहिल्यांदा डोकावून बघितलं तेव्हा नळी सरळ आणि ताठ होती. ती गिळायला त्यांनी तलवार गिळणारा खेळवाला गाठला, कारण बाकी कोणाला ते जमणार नव्हतं. मग १९५४ मध्ये पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॉपकिन्स यांनी काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र वळवून नेता येतं, हे दाखवलं. ते वाचून बॅझिल हिर्शोविट्झ या डॉक्टरांनी वाकणारी दुर्बीण बनवली आणि १९५७ मध्ये पहिल्यांदा स्वतःच्या घशात घातली. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी तर १९८४ मध्ये एच. पायलोरी जंतूंचा द्राव स्वतः प्यायला. आधी एंडोस्कोपी करून घेतली, आजारी पडल्यावर पुन्हा केली आणि जठराला सूज आल्याचं दाखवलं. ताणतणाव आणि तिखट खाण्याने अल्सर होतो, असं तोवर सगळे धरून चालले होते. मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना त्यासाठी २००५ चं नोबेल मिळालं. अम्मीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जंतू पिणाऱ्याच्या आईला माहीत होतं का?"

प्रत्येक जळजळीला एंडोस्कोपी लागत नाही. पण गिळताना घास अडकणं, कारण नसताना वजन घटणं, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखं काळं, चिकट शौच, रक्त कमी होणं, थांबत नसलेल्या उलट्या, किंवा पन्नाशी-साठीत नव्यानेच सुरू झालेला पोटाचा त्रास, यातलं काही असेल तर 'गॅस झालाय' म्हणून सोडा पिऊन बसू नका. रक्ताची उलटी आणि काळं शौच यांसाठी तर त्याच दिवशी जा.

तपासणीआधी डॉक्टरांना काय सांगायचं? एक, सगळ्या गोळ्या. मेडिकलमधून आणलेल्या, हकीमजींनी दिलेल्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते ठळक सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाला ते महागात पडू शकतं. दोन, मधुमेह. उपाशीपोटी इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेतली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. त्या सकाळी काय करायचं ते विचारून घ्या आणि पहिला नंबर मागा. आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची आणि साखरेची नवी इंजेक्शनं जठर रिकामं व्हायला उशीर लावतात, तीही सांगा. तीन, पित्ताच्या गोळ्या आणि अँटिबायोटिक. ती चालू असतील तर एच. पायलोरी असूनही चाचणीत न दिसण्याची शक्यता असते. किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. चार, दमा, हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं, औषधाची अ‍ॅलर्जी, गरोदरपण. पाच, कवळी आणि हलणारे दात.

आणि एक गोष्ट, जी घरात कोणी बोलत नाही. मशेरी. तंबाखू. गुटखा. आपल्या कितीतरी आया-खाला मशेरी लावतात आणि मुलासमोर कबूल करत नाहीत. मुलंही अब्बांसमोर सिगारेटचं बोलत नाहीत. म्हणून पेशंटला दोन मिनिटं डॉक्टरांशी एकटं बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा. मोबाईल बघा.

उपाशी राहणं नेमकं म्हणजे काय, हे तुम्हाला आता माझ्याकडून कळलंच आहे. घन अन्न साधारण सहा ते आठ तास आधी बंद. दुधाचा चहा अन्नातच मोजायचा. साधं पाणी बऱ्याच ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या दवाखान्याचा नियम विचारा आणि घड्याळातली वेळ लिहून घ्या. 'रात्रीपासून', 'सकाळपासून', 'रोज्यासारखं' असले शब्द वापरू नका. 'रात्री दहानंतर घास नाही' असं सांगा.

खोलीत गेल्यावर घशात एक कडवट स्प्रे मारतात, घसा बधिर होतो. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये प्लास्टिकची कडी ठेवतात. नळी घशातून जाताना उबळ येते, ती सगळ्यांनाच येते. श्वासाची वाट वेगळी आहे, ती बंद होत नाही. नाकाने सावकाश श्वास घ्या, लाळ गिळू नका, वाहू द्या. आत हवा सोडतात म्हणून पोट फुगतं, ढेकर येतात. लाजायचं काही नाही. तुकडा काढताना दुखत नाही. आणि तुकडा काढला म्हणजे कॅन्सर आहे, असं अजिबात नाही. अम्मीचा तुकडा काढला म्हटल्यावर घरी मामू रडायला लागले होते. तो तुकडा जंतू शोधायला आणि खात्री करायला होता.

बहिणींसाठी सांगतो. कपडे काढावे लागत नाहीत. चेहरा आणि गळा मोकळा लागतो, स्कार्फच्या पिना काढून ठेवा. डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत एक स्त्री हजर असावी, असं तुम्ही मागू शकता. तो तुमचा हक्क आहे.

गुंगी घ्यायची की नुसता स्प्रे, हे बऱ्याचदा तुम्हालाही ठरवता येतं. नुसत्या स्प्रेवर त्रास थोडा जास्त जाणवतो, पण लवकर घरी जाता येतं. गुंगी घेतली तर सोबत माणूस हवाच. चोवीस तास गाडी चालवायची नाही, व्यवहाराच्या कागदांवर सही करायची नाही. आपल्या घरात बाई दवाखान्यातून आली की तासाभरात गॅसपुढे उभी असते. तेही त्या दिवशी नाही. स्वयंपाक तुम्ही करा. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाणीही नको, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

धोका नाही असं नाही. नळीने छिद्र पडणं फार क्वचित होतं, नुसत्या तपासणीत काही हजारांत एखाद्याला. पण घरी आल्यावर छातीत किंवा पोटात जोराची कळ, ताप, रक्ताची उलटी, काळं शौच, श्वासाला त्रास, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका. निघतानाच विचारून ठेवा, रात्री काही झालं तर कुठे फोन करायचा.

आता मुख्य मुद्दा. त्या पाच पानांवर सही मी का केली?

अम्मी सातवी शिकलेली आहे. मराठी वाचते, बचत गटाच्या वहीत सही करते. बेशुद्ध नव्हती, समोर बसली होती. तरी मला एकदाही वाटलं नाही की शरीर तिचं आहे, तर सही तिची हवी. सिस्टरलाही वाटलं नाही. 'घरातलं माणूस' म्हणून कागद माझ्याकडे आला आणि तो माझ्याकडे येणं दोघांनाही स्वाभाविक वाटलं. आपण स्त्रियांच्या हक्कांवर बोलतो, तलाकवर बोलतो, शिक्षणावर बोलतो, आणि दवाखान्यात मात्र आईच्या वतीने उत्तरं देतो. मी प्रेमाने देत होतो. पण उत्तरं चुकीची होती.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका प्रकरणात निकाल दिला. एका प्रौढ स्त्रीने दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढले. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. जिवाला तातडीचा धोका नसेल तर शुद्धीवर येण्याची वाट बघायची आणि तिलाच विचारायचं. प्रौढ, समज असलेल्या माणसाच्या जागी आईची संमतीही चालत नाही. मग मुलाची कशी चालेल?

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेली रुग्ण हक्कांची सनद केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवली. आजार, तपासणी, धोके आणि खर्च समजेल अशा भाषेत कळणं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं, आपले कागद मिळणं, हे सगळं तिच्यात आहे. महाराष्ट्रात २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी ही सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायचं आहे. तेव्हा विचारा. सांगितलेल्या पैशांत गुंगी धरली आहे का? तुकड्याची तपासणी धरली आहे का? नळी प्रत्येक पेशंटनंतर कशी निर्जंतुक करता? चांगला दवाखाना यावर चिडत नाही. आणि रिपोर्ट, फोटो, तुकड्याचा अहवाल घेऊनच या. तुकड्याचा अहवाल काही दिवसांनी येतो, तो आणायला आपण विसरतो.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात. रोज्यात एंडोस्कोपी केली तर? जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ च्या ठरावात म्हटलं आहे की, द्रव किंवा दुसरं काही आत न सोडता जठराची दुर्बीण तपासणी केली तर रोजा तुटत नाही. पण प्रत्यक्षात घशात स्प्रे मारतात, कॅमेरा धुवायला पाणी सोडतात, त्यामुळे तो प्रश्न उरतोच आणि उलेमांची मतंही सारखी नाहीत. मला सोपं उत्तर दिसतं. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर भरून काढायची सवलत कुरआननेच दिली आहे. तपासणी तातडीची नसेल तर ईदनंतरची तारीख घ्या. तातडीची असेल तर ईदची वाट बघू नका. एच. पायलोरीचा उपचार बहुतेक वेळा चौदा दिवसांचा असतो, दिवसातून अनेकदा गोळ्या असतात. बरं वाटलं म्हणून किंवा रमजान लागला म्हणून तो मध्येच सोडू नका. वेळापत्रक कसं बसवायचं ते डॉक्टरांनाच विचारा. अम्मी रमजानभर वेदनाशामक गोळ्या खाऊन रोजे पूर्ण करत होती. तिला वाटत होतं, ही इबादत आहे. आतून रक्त जात होतं. तिला हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं, कारण ती गोळ्या खाते हेच कोणाला माहीत नव्हतं.

जठराचा अल्सर भरला की नाही हे बघायला आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. या वेळी संमतीपत्र आलं तेव्हा मी ते अम्मीच्या हातात दिलं. तिने विचारलं, यात काय लिहिलंय? मी वाचायला लागलो तशी ती म्हणाली, "तू नको, डॉक्टरांना सांगू दे." डॉक्टरांनी सांगितलं, मराठीत, आठ-दहा मिनिटं. तिने तीन प्रश्न विचारले. गुंगी नको म्हणाली, नुसता स्प्रे द्या, दुपारी भाचीच्या मेंदीला जायचंय. मग चष्मा लावून सावकाश सही केली, मराठीत, पूर्ण नाव. अल्सर भरले होते.

तुमच्यापैकी निम्मे जण आज रात्री घरी पोहोचाल. गेल्यावर एक काम करा. घरातल्या मोठ्यांच्या गोळ्यांचा डबा उघडा. पिशवी असेल, फ्रिजवरची बरणी असेल, ती सगळी चादरीवर ओता. अम्मी, अब्बा, दादी, जे असतील त्यांना शेजारी बसवा. एकेक पत्ता हातात घेऊन विचारा, ही कशाची, किती दिवस, कोणी दिली. एका कागदावर लिहा. तो कागद मोबाईलमध्ये ठेवा आणि दवाखान्यात जाल तेव्हा त्यांच्याच हातात द्या.

आणि डॉक्टरांनी प्रश्न विचारला की तोंड बंद ठेवा. मला अजून जमत नाही. बहीण शेजारी असली की पाय दाबते.